तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर की सिस्टर?

लग्नात, एसटीत, ग्रामसभेत, सगळीकडे एकच प्रश्न: "मॅडम, तुम्ही नक्की डॉक्टर की सिस्टर?" मी 'समुदाय आरोग्य अधिकारी' म्हणते. समोरचा मान डोलावतो आणि पुन्हा विचारतो, "म्हणजे डॉक्टरच ना?" सहा वर्षं झाली. आज एकदा नीट लिहिते.

मी बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षांची पदवी, वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि परीक्षा. शेजारच्या उपकेंद्रात याच पदावर बीएएमएस झालेले सर आहेत, त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. २०१८ साली आयुष्मान भारत आलं आणि पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रात सिस्टरांच्या जोडीला आमची खुर्ची आली. तिशी ओलांडलेल्यांचं बीपी, शुगर, तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर डॉक्टरांशी गाठ घालून देणं, हे माझं काम. बीपीची गोळी मी सुरू करत नाही. डॉक्टरांनी सुरू केलेली दर महिन्याला हातात देते. याला कमी समजू नका. गोळीसाठी तालुक्याला जायचं तर रोज बुडतो, आणि रोज बुडवण्यापेक्षा माणूस गोळी बुडवतो.

पहिल्या वर्षी मात्र 'डॉक्टर मॅडम' ऐकायला मला आवडायचं. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. आमच्या सिस्टर, म्हणजे उपकेंद्राच्या एएनएम (आरोग्यसेविका), माझ्या आईच्या वयाच्या. दहावीनंतर अठरा महिन्यांचा कोर्स करून लागलेल्या, अर्ध्या गावाच्या बाळंतपणाला हजर असलेल्या. त्यांच्या शेजारी टेबल नको म्हणून मी आतली खोली मागून घेतली. खुर्चीचा मान राहिला नाही तर गाव ऐकणार नाही, असं मला वाटायचं. ते सगळंच खोटं होतं असं आजही म्हणवत नाही.

मग तो चैत्रातला दिवस.

ऊसतोडीहून टोळी परतली होती. बावीस-तेवीस वर्षांची पोर, आठवा महिना. कार्डावर पहिल्या तपासणीनंतरचे सगळे रकाने कोरे. पाय इतके सुजलेले की जोडवी मांसात रुतली होती. सासू म्हणाली, "लई डोकं दुखायलंय हिचं, डोळ्यापुढं अंधारी यायलीय." बीपी १७०/११०. लघवीची पट्टी बुडवली, ती हिरवीगार झाली, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती.

हे काय आहे ते मला कळलं होतं: गरोदरपणात बीपी इतकं चढलं की झटके येऊ शकतात. झटका यायच्या आत मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, आणि लगेच अंबाजोगाईचं मोठं रुग्णालय. हा पहिला डोस देऊन पुढं पाठवायची मुभा एएनएमला आणि स्टाफ नर्सला आहे. मी ते नर्सिंगच्या पेपरात लिहिलेलं होतं. तरी मी गाडीला फोन केला आणि मग वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावत बसले. लागेना. पुन्हा लावला. व्हरांड्यात गेले, तिथं रेंज येते. सिस्टर तांड्यावर लसीकरणाला गेल्या होत्या. नर्स म्हणून मी सुई उचलली असती. त्या खुर्चीत बसल्यावर मला डॉक्टरांचा होकार हवासा वाटला. तुम्ही मला विचारता तोच प्रश्न त्या दिवशी मी स्वतःला विचारत होते, आणि त्यात वीस मिनिटं गेली.

सिस्टर दारात आल्या. पोरीकडे एकदा बघून माझ्याकडे वळल्या. "कशाची वाट बघायलात, मॅडम?" लसीचा डबा खाली ठेवेपर्यंत पोरीचे दात आवळले. आम्ही दोघींनी तिला कुशीवर वळवलं. इंजेक्शन सिस्टरांनी दिलं. मी अँप्यूल फोडून देत होते, दहा अँप्यूल, आणि माझे हात थरथरत होते. गाडीत चढवताना नवऱ्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात ना?" मी काहीच बोलले नाही.

ती वाचली. बाळ पोटातच गेलं. ती वीस मिनिटं वाचवली असती तर बाळ जगलं असतं का, हे कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही. मी बऱ्याच जणांना विचारलं.

दुसऱ्या दिवशी टेबल बाहेर आणलं. दारावर नावाखाली पदवी रंगवून घेतली. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "आता तरी जेवा."

पण लगेच 'सिस्टरच आहे ना मग' म्हणून उठू नका. प्रत्येक उपकेंद्रात एमबीबीएस डॉक्टर बसणार असेल तर मी आनंदानं बाजूला सरकेन, असं मी बैठकांत बोलते. रात्री झोप लागत नाही तेव्हा वाटतं, नाही सरकणार. गावातल्या कुणाची गोळी कधी संपते हे मला पाठ आहे. कंत्राटावर आहे, पण हे काम माझं आहे.

आता दर सोमवारी मी टेबलाचा वरचा खण उघडून अँप्यूल मोजते आणि त्यांची मुदत बघते. फोनची वाट न बघता सुई उचलेन का, हे पुन्हा तशी वेळ आल्याशिवाय मलाही कळणार नाही.