शिशुपालगडाचा मातीचा तट : पाहण्याजोगे काय उरले आहे

भुवनेश्वरला जाणारे पर्यटक लिंगराज मंदिर, उदयगिरीच्या गुंफा आणि धौली पाहून परततात. लिंगराजापासून काही किलोमीटरवर असलेला शिशुपालगड मात्र बहुतेकांच्या यादीत नसतो आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. येथे सह्याद्रीतल्या किल्ल्यांसारखे बुरूज किंवा कोरीव दरवाजे नाहीत, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या नगराभोवती उभारलेला मातीचा तट आहे, जो आता झुडपांनी झाकलेल्या लांबट टेकाडासारखा दिसतो.

त्यामुळे निघण्यापूर्वी उपग्रह-नकाशा पाहून घ्यावा, असा माझा आग्रह राहील. प्रत्येक बाजू सव्वा किलोमीटरच्या आसपास असलेला जवळजवळ नेमका चौकोन त्यात स्पष्ट दिसतो आणि शेजारून वाहणाऱ्या गंगुआ नाल्याचा खंदकासारखा उपयोग कसा होत असेल, हेही लक्षात येते. ही आकृती मनात नसेल, तर जमिनीवर तटाचा एखादा तुकडा ओलांडूनही तो तट होता हे कळणार नाही.

पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी 1948 साली येथे उत्खनन केले. मुळातला तट निव्वळ चिकणमातीचा, तळाशी तीस मीटरांहून अधिक रुंद होता. पुढे त्यावर जांभ्याच्या मुरमाचा थर चढला आणि नंतर विटांच्या भिंती आल्या. प्रत्येक बाजूला दोन, असे एकूण आठ दरवाजे होते. मी पश्चिमेकडून सुरुवात केली. लाल यांनी खणलेला दरवाजा याच बाजूला आहे, त्याचे जांभ्याचे चिरेबंदी बांधकाम ओळखू येते आणि पहारेकऱ्यांच्या देवडीची कल्पना करता येते. इतर दरवाजे बहुतांशी टेकाडातल्या खिंडींवरूनच ओळखावे लागतात. नगराच्या मध्यावर जांभ्याचे उंच खांब उभे आहेत. त्यांना सोळाखांब म्हणतात आणि ते पाहायला वाट वाकडी करावी. 2005 ते 2009 या काळात पुरातत्त्वज्ञ मोनिका स्मिथ आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे रवींद्रकुमार मोहंती यांनी येथे पुन्हा काम केले आणि वस्तीचा काळ लाल यांच्या अंदाजाहून मागे नेला.

हे स्थळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असले, तरी बरीचशी जमीन खासगी आहे आणि शहर वाढत तटाच्या आत शिरले आहे. काही ठिकाणी घरे तटाला येऊन भिडली आहेत. तटाची सलग फेरी म्हणूनच शक्य नाही. जेथे शेत किंवा परसू आडवे येते तेथे विचारूनच पुढे जावे. माझ्या मते कोपरे चुकवू नयेत, कारण तट काटकोनात वळतो तेथे त्यामागची आखणी सर्वाधिक जाणवते.

मुंबई-पुण्याहून कोणार्क एक्सप्रेस थेट भुवनेश्वरला जाते. प्रवास दीड दिवसाचा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गवत वाढून तटाचा आकार झाकला जातो, चिकणमाती घसरते आणि सापांचीही भीती असते. बंद बूट घालावेत, पाणी बरोबर ठेवावे आणि सकाळी लवकर पोहोचावे, कारण तिरप्या उन्हात जमिनीचे चढउतार नीट उमटतात. रिक्षा जाऊन-येऊन ठरवावी, आत परतीची रिक्षा मिळण्याची खात्री नसते.

त्याच दिवशी धौली जोडता येते. धौलीच्या अशोककालीन लेखात तोसली नगरीच्या महामात्रांना, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांना, उद्देशून आज्ञा आहेत आणि काही अभ्यासक तोसली म्हणजे शिशुपालगडच मानतात. उदयगिरीची हाथीगुंफा मात्र शिशुपालगडानंतरच पाहावी. वादळाने पडलेली कलिंगनगरीची दारे आणि तट राज्याभिषेकानंतर पहिल्याच वर्षी दुरुस्त केल्याचे कलिंगचा राजा खारवेल याने तेथे कोरून ठेवले आहे, आणि लाल यांना पश्चिम दरवाजाची एक बाजू कोसळून पुन्हा बांधल्याच्या खुणा सापडल्या होत्या. यावरून शिशुपालगड हीच कलिंगनगरी असावी, असे मत मांडले गेले. लेख छताजवळ बराच उंचावर आणि झिजलेला आहे, म्हणून दुर्बीण जवळ असल्यास अवश्य न्यावी.