सदर इसमास सोडल्यास

विधी सेवा प्राधिकरणाचा वकील म्हणून मी नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात जातो. त्या दिवशी समोर बसलेल्या बंद्याने बांधाच्या वादातून थोरल्या चुलतभावाचा खून केला होता. प्रत्यक्ष कारावासाची चौदा वर्षे, म्हणजे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४३३-अ ची किमान अट (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७५), पूर्ण होऊनही मुदतपूर्व सुटकेचा त्याचा प्रस्ताव फेटाळला गेला होता. जन्मठेप चौदा वर्षांनी आपोआप संपते हा समज शिकलेल्या माणसांतही आहे. वास्तविक १९६१ च्या गोपाळ गोडसे प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने ती आयुष्यभराची शिक्षा असल्याचे स्पष्ट केले होते.

नकाराचा आधार पोलीस अहवालातील एकच वाक्य होते: ‘सदर इसमास सोडल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ दरम्यान हाच इसम तीनदा संचित रजेवर, म्हणजे कारागृहातून मिळणाऱ्या सुट्टीवर, त्याच गावी राहून ठरल्या दिवशी परत आला होता आणि एकदाही तक्रार झाली नव्हती. मुद्दा हाती लागल्याच्या आनंदात मी त्याला हे सांगितले.

तो म्हणाला, “साहेब, रजेवर गेलो का मी उंबऱ्याबाहेर पडत नाही. वहिनीची विहिरीची वाट आमच्या दारावरून जाते. मी आहे तवर ती माळावरून वळसा घालून पाणी आणते.”

मी पेन खाली ठेवले. अहवाल छापील साच्यातला होता, तरी त्यातील शांततेची किंमत ती बाई हंडा घेऊन मोजत होती. लक्ष्मण नस्कर प्रकरणात (२०००) न्यायालयाने सुटकेपूर्वी तपासायचे प्रश्न घालून दिले: गुन्हा पुन्हा घडेल का, आणखी कोंडून काही साधेल का, बंद्याच्या कुटुंबाची स्थिती काय. त्यात मृताच्या घरासाठी वेगळा प्रश्न नाही. आणि बंदी सुधारतो असे आग्रहाने मांडणाऱ्या मलाही तो प्रश्न इतक्या वर्षांत सुचला नव्हता. कठोर शिक्षेची बाजू घेणारे त्या घराचे नाव घेतात खरे, पण निकालानंतर तिकडे कोण फिरकते?

तरीही त्याला आत ठेवून वहिनीचे काही भरून येणार होते, असे मला वाटत नाही. शिक्षेतील माफी सशर्त देता येते, एवढे मी त्याला सांगितले. बराच वेळ तो गप्प राहिला. मग सिन्नरला बहिणीकडे राहीन, गावात पाऊल ठेवणार नाही, असे त्यानेच अर्जात लिहायला सांगितले. सुतारकाम तो आत शिकला होता, तेही घातले.

सही करण्यापूर्वी त्याने अट पुन्हा वाचून घेतली आणि विचारले, “आई गेली तर?”

तेवढा अपवाद मी समासात लिहिला.