सँडहर्स्ट रोडला उतरून प्लेगच्या मागावर

इतिहासाची सहल म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर एक तर रायगड नाहीतर म्युझियम, त्यामुळे अकरावीच्या वर्गाला सांगितलं की आपण सँडहर्स्ट रोडला उतरणार आहोत तर आधी सगळे हसलेच. "मॅडम तिथे तर फास्ट पण थांबत नाही." नाही थांबत, म्हणूनच मुलुंडहून स्लो पकडली आणि वीसेक पोरं, चार वॉटरबॅगा, आणि माझ्या पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा असं आमचं वऱ्हाड निघालं.

ह्या स्टेशनपासून सुरुवात करायचं कारण नावातच आहे. लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० मुंबईचा गव्हर्नर होता, म्हणजे १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा खुर्चीवर हाच माणूस. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, दाटीवाटीच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते करायचे, समुद्राची हवा आत आली पाहिजे वगैरे. त्यातलाच एक सँडहर्स्ट रोड, आता त्याला सरदार पटेल रोड म्हणतात. स्टेशनचं नाव बदलून डोंगरी करायचा ठराव पण २०२४ ला विधिमंडळात झालाय. पाटीखाली उभं राहून एवढं सांगितलं आणि पुढे चालायला लागलो, कारण तिथे उभं राहायला जागाच नसते.

डोंगरीतून मशीद बंदरकडे, म्हणजे मांडवीत. मिरच्यांचा खाट, खारकांची पोती, हातगाडीवाले "ए बाजू, बाजू" करत अंगावर येतायत, आणि मला ह्या सगळ्यात पोरांना १८९६ दाखवायचं होतं. सप्टेंबर १८९६ मध्ये इथेच डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी पेशंट तपासून हा ब्युबॉनिक प्लेग आहे असं सांगितलं. का इथेच, तर ही बंदराला लागून असलेली धान्याची गोदामं. धान्य आलं की उंदीर आलेच. पण उंदरावरच्या पिसवांमधून रोग माणसात येतो हे सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरने मांडलं १८९८ मध्ये, तोपर्यंत म्युनिसिपालिटी गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुवत होती, चुना फासत होती, घरांवरची कौलं काढून आत ऊन सोडत होती. म्हणजे मनापासून काम चाललं होतं पण दिशाच दुसरी. ह्यावर एक पोरगा म्हणाला, "कोविडमध्ये आपण पण भाजी साबणाने धुवत होतो की." बरोबर आहे बाबा.

एका बंद दुकानाच्या पायरीवर पहिला झेरॉक्स काढला. प्लेगच्या काळातले मुंबईचे बरेच फोटो आता ऑनलाइन फुकट बघायला मिळतात, त्यातलाच एक, खालची ओळ मी मुद्दाम कापून टाकलेली. एक घर, समोर टोपीवाले साहेब, शिपाई, भिंतीवर रंगवलेली वर्तुळं. काय दिसतंय ते फक्त सांगा म्हटलं, अर्थ नंतर. वर्तुळांवरून बराच गोंधळ झाला, कोणी म्हणे डिझाइन आहे कोणी म्हणे घरनंबर, मग मी सांगितलं की त्या घरात प्लेगने माणूस गेला की असं वर्तुळ काढायचे, तेव्हा जरा वेळ सगळे गप्प. आणि मग मागून एक मुलगी, वर्गात कधी तोंड उघडत नाही ती, म्हणाली, "पण मॅडम ह्या घरातली माणसं कुठेयत?"

एवढ्यासाठीच तर आणलं होतं! फोटोत तपासणारे आहेत, ज्यांचं घर तपासलं ते नाहीत. कॅमेरा कोणाचा, फोटो कोणाला दाखवायला काढला, साहेब एवढे नीट रांगेत का उभे आहेत, हे प्रश्न मग आपोआप यायला लागले, मला काही ढकलावं लागलं नाही. पुस्तकात हाच फोटो पानाच्या कोपऱ्यात बोटभर छापला असता तर कोणी बघितलाही नसता.

तिथून सीएसएमटीवरून चालत काळा घोडा. ऊन मी म्हणत होतं, वाटेत उसाचा रस झाला, त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

एल्फिन्स्टन कॉलेजची ती दगडी इमारत सगळ्यांनी बाहेरून बघितलेली असते, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरच. पण त्याच इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे हे मुंबईत जन्म गेलेल्या लोकांनाही माहीत नसतं. १८२१ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने मुंबई सरकारच्या कागदांसाठी रेकॉर्ड ऑफिस सुरू केलं, त्याचंच हे पुढचं रूप. आधी पत्र देऊन ठेवलं होतं त्यामुळे अडचण आली नाही. पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल, आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही हे मी ट्रेनमध्येच तीनतीनदा बजावलेलं.

प्लेगचे कागद जनरल डिपार्टमेंटच्या बस्त्यांत. आमच्यासमोर आलं ते एक जाड बाइंडिंग, कडा एवढ्या ठिसूळ की पान उचललं तर टेबलावर भुगा पडतो. हस्ताक्षर तिरकं, लपेटदार इंग्रजी. पहिली दहा मिनिटं पोरांना एक अक्षर लागेना. मग एकाला 'एस' कसा काढलाय ते कळलं आणि तिथून शब्द सुटायला लागले. मला स्वतःला ह्या बाडांमध्ये मजकुरापेक्षा समास जास्त आवडतो. मधे पत्र, बाजूला एका साहेबाचा शेरा, त्याच्यावर दुसऱ्या साहेबाचा, आणि खाली तिसऱ्याची नुसती आद्याक्षरं. निर्णय कोणी कोणावर ढकलला ते तिथे सापडतं.

एका अर्जापाशी मात्र सगळेच अडकले. वरचा मजकूर साफ इंग्रजी, म्हणजे कोणा अर्जनवीसाकडून लिहून घेतलेला, आणि खाली सह्या मोडीत. त्यातही काही सह्याच नव्हेत, नुसती खूण आणि शेजारी दुसऱ्याच्या हाताने 'निशाणी' असं लिहिलेलं. माझं मोडी बेताचं आहे, पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं ते एकदा करायचं राहूनच गेलंय, पण नावं लावता येतात. पोरं आडनावं शोधायला लागली. अर्ज करणाऱ्यांचं बोलणं वर आहे की अर्जनवीसाचं, ह्यावर दोघं एवढ्या जोरात भांडले की टेबलापलीकडच्या संशोधक बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

बाहेर पायऱ्यांवर बसून डबे खाता खाता आकड्यांचा खेळ घेतला. १८९१ च्या जनगणनेत मुंबई ८,२१,७६४ आणि १९०१ मध्ये ७,७६,००६. वजाबाकी करा. ४५,७५८ आली आणि लगेच, "म्हणजे एवढे मेले." नाही ना! १९०१ ची मोजणी १ मार्चची, आणि दरवर्षी प्लेग भरात यायचा तो नेमका त्याच महिन्यांत, लोक कोकणात, देशावर, गुजरातेत पळालेले. मग गेलेले किती आणि गावाला गेलेले किती, हे ह्या एका आकड्यावरून कळणारच नाही. शिवाय इस्पितळात ओढून नेतील म्हणून लोक आजार लपवायचे, प्लेगने गेलेला माणूस साध्या तापाच्या रकान्यात जायचा. मी विचारलं इस्पितळाची एवढी भीती का, तर एकाने सांगितलं की त्याची पणजी मोमियाईचं काहीतरी सांगायची असं आजी म्हणते. हे मला अपेक्षितच नव्हतं. तेव्हा मुंबईत खरंच अशी अफवा होती की इस्पितळात माणसाला टांगून त्याचं तेल, मोमियाई, काढतात. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांचा हजारेकचा जमाव आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेला होता, आजचं कस्तुरबा. सरकारी अहवालात हे 'अडाणीपणा' म्हणून निघतं, पण ऑक्टोबरमध्येच पेशंटला जबरदस्तीने उचलायचे हुकूम निघाले होते ते शेजारी ठेवून वाचलं की अडाणीपणा हा शब्द जरा जड जातो घशाखाली. आणि सगळेच काही विरोधात नव्हते. कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या कामात होते आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनेच गेले.

शेवटी धोबीतलाव. व्हिएगस ह्यांचा पुतळा मेट्रो सिनेमाच्या समोर आहे, आपण रोज बसमधून बघतो आणि बघत नाही. पोरांनी सेल्फी काढले, ते काढणारच. मग कयानी ह्या इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा, बिल बघून माझाच मस्का निघाला. तिथे वाद पेटला की पुतळा डॉक्टरचा झाला हे ठीक, पण गटारं धुणाऱ्या भंगी कामगारांचं एक नाव तरी बस्त्यात असेल का. मी म्हटलं पगारपत्रकात असू शकेल, शोधावं लागेल. "मग शोधू की, दिवाळीच्या सुट्टीत." दोघी तिथेच अर्जाचा मसुदा लिहायला बसल्या, पेपर नॅपकिनवर.

परीक्षेत ह्या सगळ्याला मार्क किती असं एका पालकांनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. शून्य, म्हणून सांगितलं.

आता घरातला एक जुना कागद प्रत्येकाने ग्रुपवर टाकायचा असं ठरलंय. आजोबांचं गिरणीचं तिकीट आलं, एक भाडेपावती आली, एक रेशनकार्ड, आणि एकाने गेल्या महिन्याचं लाइटबिल टाकून विचारलं चालेल का मॅडम. चालेल म्हटलं, पण कोणी छापलं आणि आकडा खरा आहे हे कशावरून ते लिहून दे. रेशनकार्डवालीला मागच्या बाजूचा फोटो मागितलाय, शिक्के तिकडे असतात.