तुम्ही विचारलंत म्हणून: युरियाने लॉन हिरवी होते, मग पोटॅश कशाला?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या लॉन आणि शाळांची मैदानं सांभाळणं हे माझं काम. दरवर्षी खतांचं बिल कमिटीसमोर गेलं की कोणीतरी विचारतंच: "युरिया टाकला की आठवड्यात लॉन हिरवीगार होते, ते दिसतं. पोटॅशने काय झालं ते काहीच दिसलं नाही. मग ते घ्यायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे, आणि बऱ्याच सोसायट्यांना माझं उत्तर 'नका घेऊ' असंच असतं. पण त्याचं कारण 'दिसत नाही' हे नाही.

आधी युरियाचं बघू. त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतं. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे येतो त्याच्या रेणूत नत्र आहे, सगळ्या प्रथिनांतही आहे. म्हणून गवताला जमिनीतून सर्वांत जास्त लागतं ते हेच. कमी पडलं की गवत जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं, त्यामुळे पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो. अशा भुकेल्या लॉनमध्ये रानमेथीसारखी तीन पानांची तणं हातपाय पसरतात, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात आणि त्यांना तुमच्या पोत्याची गरज नसते. युरिया दिला की हे चित्र खरंच आठवडाभरात पालटतं.

गंमत पुढे आहे. नत्र भरपूर मिळालं की हरळी सगळी ताकद पात वाढवण्यात घालते. पानांनी उन्हात तयार केलेली साखर वरच्या वाढीतच संपते आणि मुळांच्या वाट्याला थोडी उरते. मग गवत कापायचं मशीन आठवड्यातून दोनदा मारावं लागतं, जमिनीलगत वाळक्या काड्यांची गादी साचते, पाणी जास्त लागतं, आणि एप्रिल-मेच्या दुपारी ही देखणी लॉन सर्वांत आधी मान टाकते. पावसाळ्यात बुरशीही त्या लुसलुशीत पानांवर आधी येते. युरियाची मात्रा किती असावी हे कुत्रं पाळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कुत्र्याने जिथे लघवी केली तिथे मधोमध जळालेला गोल असतो आणि त्याभोवती गडद हिरवं कडं. मधे नत्र आणि क्षार अति झाले, कडेला पातळ होऊन पोचले. सोसायटीच्या फुकट प्रयोगशाळेत एवढी स्वच्छ नोंद दुसरी नाही.

खरीखुरी प्रयोगशाळा बघायची तर इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेड हे शेती-संशोधन केंद्र आहे. तिथे 1856 साली लॉज आणि गिल्बर्ट यांनी एका गवताळ कुरणाचे पट्टे पाडले आणि वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळी खतं द्यायला सुरुवात केली. तो प्रयोग आजही चालू आहे. ते कुरण होतं, लॉन नव्हे, आणि त्यांना बघायचं होतं वाळलेल्या चाऱ्याचं उत्पन्न. पण दुसऱ्याच वर्षी पट्टे इतके वेगळे दिसू लागले की जणू बियाणंच निरनिराळं पेरलंय. जिथे नत्र न देता पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस) दिलं तिथे रानमेथीसारख्या, मुळांवर गाठी असणाऱ्या द्विदल वनस्पती फोफावल्या. जिथे वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट हे नत्राचं खत पडलं आणि चुना पडला नाही, तिथली माती आंबट, म्हणजे आम्लधर्मी, झाली, मोजक्या जातींची गवतंच उरली आणि न कुजलेल्या काडीकचऱ्याचा थर साचत गेला. नत्राचा आणि पालाशचा स्वभाव मला या पट्ट्यांवरून जितका कळला तितका कुठल्याही खताच्या पिशवीवरून कळला नाही.

आता पालाश, म्हणजे तुमचं पोटॅश. नत्र रेणूंचा भाग होतं, पालाश मात्र कुठल्याही सेंद्रिय रेणूचा भाग होत नाही. पेशीतल्या पाण्यात विरघळलेलं राहतं आणि तिथून कारभार चालवतं. पानावरची सूक्ष्म छिद्रं उघडतात ती त्यांच्या शेजारच्या पेशींत पालाश शिरतं आणि मागोमाग पाणी शिरतं म्हणून. ते बाहेर पडलं की छिद्रं मिटतात. पालाश कमी असेल तर ही उघडझाप सुस्तावते, उन्हात पाणी वाया जातं आणि पात ताठ राहत नाही. अशा लॉनवरून चालून गेलात की हवा कमी झालेल्या टायरसारखी ती दबलेलीच राहते, पावलांचे ठसे उठून दिसतात. खेळाच्या मैदानावर मुलांच्या बुटांखाली गवत किती तग धरतं यातही पालाशचा वाटा आहे. हे सगळं संकटाच्या वेळचं काम. ऑगस्टमध्ये, पाऊस आणि ढग असताना, ते कोणाला कसं दिसणार?

पण म्हणून पोती ओतायची का? इथे माझं आणि खतविक्रेत्यांचं जमत नाही. दख्खनची काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात उपलब्ध पालाश बहुधा भरपूर असतं. माती परीक्षणाच्या कागदावर हेक्टरी 280 किलोच्या वर आकडा असेल तर ते 'जास्त' धरतात. त्याच कागदावर नत्राचा आकडा 280 च्या खाली, म्हणजे 'कमी', असणं नेहमीचं. अशा जमिनीत आणखी पालाश दिलं तर गवत गरज नसतानाही ते शोषून घेतं, पुढच्या कापणीत ते मशीनच्या पिशवीत जातं आणि तुमचे पैसे कचरागाडीत. शिवाय जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. अमेरिकेतल्या गोल्फच्या हिरवळींवर पालाशने एक बुरशीजन्य रोग कमी झाला, तर थंड प्रदेशात बर्फाखाली येणारी बुरशी पालाश वाढवल्यावर उलट वाढली.

वाळूवर मात्र हिशोब फिरतो. गच्चीवरच्या बागेत वजन कमी ठेवायला वाळू आणि कोकोपीट भरतात, मैदानांवर पाणी पटकन निचरावं म्हणून वाळूचा थर देतात. वाळू पालाश धरून ठेवत नाही, दोन जोरदार पावसांत ते खाली निघून जातं. तिथे मी ते थोडं थोडं, पण नियमाने देतो: साधारण दोन वेळा युरिया तर एक वेळ पोटॅश. आणि तेही सल्फेट ऑफ पोटॅश. लाल-पांढरं स्वस्त म्युरेट ऑफ पोटॅश, ज्यात 60 टक्के पालाश असतं, ते क्षारांमुळे पात भाजण्याची भीती बरीच जास्त ठेवतं. भारत म्युरेट जवळपास सगळं बाहेरून आणतो, हेही ते उधळताना लक्षात ठेवलेलं बरं. साखर कारखान्यांच्या मळीपासून निघणारं पोटॅश आता मिळतं. त्यात पालाश साडेचौदा टक्क्यांच्या आसपास, पण निदान ते आपल्या उसाचं आहे.

युरियाची मात्रा विचाराल तर हजार चौरस फुटांना एका वेळी एक किलो ही वरची हद्द. मी त्याच्या निम्मंच देतो, गवत कोरडं असताना फेकतो आणि लगेच पाणी देतो. वर पडून राहिला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, आपल्या चुनखडीच्या मातीत तर जास्तच. रॉथमस्टेडच्या मातीला आंबट करणारं अमोनियम सल्फेट आपल्याकडे याच कारणाने मला आवडतं. आपली माती मुळात दुसऱ्या, अल्कधर्मी टोकाला झुकलेली आहे.

कापलेलं गवत फेकू नका, ही माझी कमिटीला दरवेळची विनवणी. त्यात पाणी पाऊणभर, पण वाळल्यावर साधारण चार टक्के नत्र आणि दोन टक्के पालाश उरतं. शंभर किलो ओलं गवत कचऱ्यात गेलं म्हणजे दोन किलो युरिया आणि किलोभर पोटॅश गेलं. एक तृतीयांशच उंची कापली तर बारीक तुकडे दोन दिवसांत दिसेनासे होतात. सेक्रेटरींना ते 'अस्वच्छ' वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

पिवळेपणाबद्दल एक. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता असते, युरिया टाकून फक्त मशीन जास्त मारावं लागेल. तिथे लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारा. वाढ न होता रंग येतो.

आणि पानांची टोकं करपलेली दिसली म्हणून पोटॅश मागवण्याआधी गुडघ्यावर बसून एक पात नीट बघा. पालाशच्या कमतरतेत जुन्या पानांची टोकं आणि कडा करपतात, नवी पानं ठीक असतात. सगळ्याच पानांचं टोक फाटकं, पांढुरकं आणि दोऱ्या निघालेलं असेल, तर तुमच्या माळ्याच्या मशीनचं पातं बोथट झालंय. धार लावून घ्या, पोतं दुकानातच राहू दे.