सहा पॉइंट सातची हळद

सौद्यांचे दिवस आले की आमच्या सांगलीतल्या लॅबमध्ये हळदीच्या पिशव्यांची रांग लागते. प्रश्न सगळ्यांचा एकच: कुरकुमीन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, किती टक्के? पूर्वी एका नमुन्याला सॉक्सलेटवर, म्हणजे उकळत्या द्रावणानं अर्क काढायच्या काचेच्या उपकरणावर, सहा-सात तास जायचे. मग वरून कंडेन्सर (वाफ गार करून परत खाली पाडणारी, बाहेरून पाणी खेळवलेली नळी) बसवता येणारा लॅबचा मायक्रोवेव्ह आला आणि तेच काम पाच मिनिटांवर आलं. (घरचा ओव्हन नव्हे. त्यात अल्कोहोल ठेवलंत तर भडकाच उडेल.) २४५० मेगाहर्ट्झच्या लहरींनी पुडीतला ओलावा आतल्या आत तापतो, पेशींच्या भिंती फुटतात आणि रंग बाहेर पडतो. कुरकुमीन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून इथेनॉल.

त्या दिवशी हरिपूरच्या एका आबांची राजापुरी जातीची हळद होती, दोन वर्षं पेवात, म्हणजे जमिनीखालच्या बंद कोठारात, राहिलेली. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही, श्वास घ्यायला हवाच नसते. किडाही त्यामुळेच जगत नाही.

दोन ग्रॅम पूड, ५० मिली इथेनॉल, पाच मिनिटं. गाळलं, त्यातलं एक मिली पातळ केलं, ४२५ नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग किती गडद आहे त्याचं रीडिंग घेतलं. हिशेब आला ६.७ टक्के! आमच्याकडे एरवी तीन-चारच्या आसपास येतं. मला वाटलं, मशीननं सॉक्सलेटलाही मागं टाकलं. लगेच आबांना फोन केला. तेवढा नसता केला तर बरं झालं असतं.

"सर, स्पिरिटचा वास का मारतोय?" आमच्या लॅबमधले मामा दारातूनच म्हणाले.

कंडेन्सरमधून बेसिनमध्ये पडणारी पाण्याची बारीक धार दिवसभर कानात असते. ती कधी थांबली, कळलंच नव्हतं. वरची टाकी रिकामी. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं. गार करायला पाणी नाही म्हटल्यावर वाफ सरळ खोलीत. "बटणांना हात लावू नका!" म्हणून ओरडलो आणि खिडक्या उघडल्या. गाळलेलं मोजलं तर जेमतेम ३० मिली, आणि मी हिशेबात ५० धरलेले. दूध आटवायचं आणि फॅट जास्त लागली म्हणून खूश व्हायचं, तसला प्रकार. गाळल्यावर खुणेपर्यंत भरून माप पुरं करायचं, हे मीच नव्या पोरांना शिकवतो.

त्या गडबडीत थोडं ओट्यावर सांडलं. सोड्याच्या पाण्यानं पुसायला गेलो, तर अख्खा ओटा कुंकवासारखा लाल.

टाकी भरल्यावर पुन्हा केलं, या वेळी माप पुरं करून. ४.१. खात्रीसाठी शेजारी सॉक्सलेटही लावून ठेवलं.

संध्याकाळी आबा आले, बरोबर मुलगा. तो पूड पाकिटात भरून विकणार होता आणि ६.७ हा आकडा छापखान्यात सांगूनही आला होता. मी झालेली चूक सरळ सांगितली. त्याचा चेहरा उतरला. आबांनी मात्र वेगळंच विचारलं.

"म्हंजे पेवात हळद बिघडली न्हाई न्हवं?"

"नाही आबा, चांगली आहे."

"मग झालं की."

मुलगा तोवर बाहेर जाऊन छापखान्याला फोन लावत होता. सॉक्सलेटचा आकडा रात्री नऊला आला, ४.०. आबांना तो सकाळीच कळवला.