ओटावा ब्लॅक बेअर्सची मॅच बघायला चाललात? तिकीट ब्लॅकने घेऊ नका, आणि पार्किंग तर मुळीच नाही

परवा रात्री ब्रॅम्प्टनला (टोरोंटोजवळ) घरी पोचलो, पाठ अजून आखडलेली आहे, पण आत्ताच लिहून टाकतो. मार्च ब्रेकमध्ये, म्हणजे शाळांच्या मार्चच्या सुट्टीत, आपल्यातली चार-पाच कुटुंबं जायचं म्हणतायत आणि ती सगळी जशीच्या तशी आमच्यासारखी फसतील, ते मला नकोय.

आधी थोडं मागचं, कारण बऱ्याच जणांना ही टीम माहीतच नाहीये. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने बॉल झेलायचा-फेकायचा खेळ. त्याच्या नॅशनल लॅक्रॉस लीगमध्ये न्यूयॉर्क रिपटाइड नावाची टीम होती, लाँग आयलंडला खेळायची, ती 2024 मध्ये तिथून उचलून ओटावाला आणली आणि ओटावा ब्लॅक बेअर्स असं नवीन नाव दिलं. 2024-25 हा पहिला सीझन. मॅचेस कनाटाला कॅनेडियन टायर सेंटरमध्ये, म्हणजे सेनेटर्स टीमची आइस हॉकी होते तिथेच. आमचा मुलगा तीन वर्षं ब्रॅम्प्टनला बॉक्स लॅक्रॉस (रिंकमध्ये खेळतात तो प्रकार) खेळतोय, आणि या टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू जेफ टीट हा आपल्या ब्रॅम्प्टनचाच पोरगा. 2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन खेळाडू निवडतात त्यात, पहिला नंबर, 2022 मध्ये रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवखा खेळाडू. ब्रॅम्प्टनमध्ये लॅक्रॉस काही आजचं नाही, एक्सेल्सियर्स क्लब एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे, त्यामुळे इथल्या रिंकवर खेळणाऱ्या मुलांना टीट म्हणजे घरचाच माणूस वाटतो. मुलाने वाढदिवसाला हीच एक गोष्ट मागितली होती, मग नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

आता मुख्य मुद्दा, तिकीट. एका ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं की नवीन टीम आहे, कोणी विचारत नाही, तिकिटं फुकटात मिळतात, पार्किंगचं टेन्शन नाही. त्या भरवशावर मी आठवडाभर काही केलंच नाही, आणि गुरुवारी रात्री घाईत फोनवर शोधलं तर सगळ्यात वर एक रीसेल करणारी साइट आली, दिसायला अगदी अधिकृत, टीमचं नाव, अरिनाचा नकाशा, "फक्त 4 तिकिटं शिल्लक" असा लाल बोर्ड. खालच्या बोलमध्ये, म्हणजे मैदानाभोवतीच्या खालच्या सीटमध्ये, 71 डॉलरला एक. घेतलं. शेवटच्या पानावर प्रत्येक तिकिटावर 16 डॉलर सर्व्हिस फी लागली, ती आधी कुठेही दाखवली नव्हती, आणि तोपर्यंत कार्ड नंबर टाकून झालेला असतो, मुलगा बाजूला उड्या मारत असतो, माणूस ओके दाबतोच. तीन तिकिटांचे 261 डॉलर.

मॅचच्या दिवशी आत जायच्या आधी मी मुद्दाम बॉक्स ऑफिसच्या खिडकीवर विचारलं. आमच्याच सेक्शनमध्ये, आमच्यापेक्षा दोन रांगा पुढे, तीन सीट शेजारीशेजारी मोकळ्या होत्या, आणि टॅक्स धरून एक सीट पन्नासच्या आत. म्हणजे आम्ही शंभरच्या वर डॉलर जास्त दिले. खिडकीतल्या बाईने खूप समजूतदारपणे सांगितलं की रोज कोणीतरी असं येतं. "शिल्लक 4" वगैरे साफ खोटं होतं, वरचा मजला जवळजवळ रिकामा होता.

मला पैशांपेक्षा दुसऱ्या गोष्टीचा जास्त राग आला. ते शंभर डॉलर टीमला मिळाले असते तर मी एक शब्द बोललो नसतो. नवीन टीम तिकिटांच्या पैशांवर जगते. लीगमध्ये रेग्युलर सीझन 18 मॅचचा, त्यातल्या घरच्या फक्त 9, एवढ्या 9 रात्रीत वर्षाचं काय ते बघायचं. फोर्ट वर्थची पँथर सिटी तीन सीझन खेळून 2024 मध्ये बंदच झाली. आणि ओटावाने तर हे आधी भोगलंय. आमच्या मागच्या रांगेत एक साठीचे गृहस्थ बसले होते, अंगात ओटावा रेबेलची जुनी जर्सी, कॉलर पिवळी पडलेली, एका बाहीवर हाताने घातलेली शिवण. रेबेल 2001 ते 2003 इथे खेळली आणि मग गेली, पुढे तीच फ्रँचायझी एडमंटनला आणि आता सस्कॅचवनला आहे. ते म्हणाले तिन्ही वर्षं माझं सीझन तिकीट होतं, एक दिवस कळलं की टीम नाही, जर्सी कपाटात राहिली. यावेळी त्यांनी पहिल्याच दिवशी परत सीझन तिकीट घेतलंय. मी आमच्या तिकिटाचा आकडा सांगितला तेव्हा ते नुसते मान हलवत राहिले. तिथे बसून मला जाणवलं की त्या साइटने फक्त माझा खिसा कापला नाही, त्यांच्या टीमचा पण कापला.

त्यामुळे स्पष्ट सांगतो. टीमच्या स्वतःच्या साइटवर जा, पत्ता स्वतः टाइप करून जा, सर्चमध्ये वर जे येतं त्यावर बोट ठेवू नका. फी धरून शेवटचा आकडा बघितल्याशिवाय मुलांना सांगू नका की तिकीट मिळालं. खालच्या बोलमध्ये कोपऱ्यातल्या सीट घ्या, दहाव्या रांगेच्या वरच्या. अगदी काचेजवळची घेऊ नका, मैदानाभोवतीच्या बोर्डमुळे अर्धं मैदान दिसत नाही आणि गार लागतं, कारण खाली हॉकीचा बर्फ झाकून त्यावर टर्फ अंथरलेलं असतं. मुलं क्लबमध्ये खेळत असतील तर कोचला विचारा, ग्रुपचा रेट वेगळा असतो, मला हे आमच्या कोचने परत आल्यावर सांगितलं.

आता पार्किंग, आणि हे नीट वाचा. त्याच साइटने तिकिटासोबत "अरिनाजवळ पार्किंग" म्हणून 38 डॉलरला एक पास विकला. पत्त्यावर गेलो तर ते एका ऑफिसचं आवार निघालं, अरिना समोर दिसतंय पण मध्ये मोठा रस्ता, आणि चालायला फुटपाथ नाही. उणे 18, वारा तोंडावर, प्लाऊने (बर्फ काढायच्या गाडीने) बाजूला लोटलेल्या बर्फाचे कंबरेएवढे ढीग, त्यामुळे रस्त्याच्या कडेनेच चालायचं आणि मागून गाड्या. बायकोने मुलाचा हात धरला होता, मी मागे फोनचा टॉर्च लावून, म्हणजे गाडीवाल्यांना आम्ही दिसू. पंचवीस मिनिटं लागली. एका ठिकाणी वितळून परत गोठलेलं पाणी होतं, काचेसारखं, तिथे बायको गुडघ्यावर पडली. फार लागलं नाही पण मॅचभर तिचा गुडघा ठणकत होता, आणि परत येताना रात्री साडेदहाला तेच सगळं उलट दिशेने, थकलेला मुलगा घेऊन. तो रस्ता मी या जन्मात परत चालणार नाही. अरिनाचे स्वतःचे भलेमोठे लॉट चारी बाजूंनी आहेत, लॅक्रॉसच्या दिवशी त्यात भरपूर जागा होती, मी डोळ्यांनी बघितली. तिथेच लावा, जे काय चार पैसे जास्त-कमी लागतील ते लागू देत. बर्फाचे बूट घाला, नुसते स्नीकर्स घालून येऊ नका, आणि लहान मूल असेल तर एकाने सगळ्यांना दारात सोडून मग गाडी लावायला जावं.

ब्रॅम्प्टनहून अंतर साधारण 470 किमी. हायवे 401 ने सरळ पूर्वेला, मग प्रेस्कॉटच्या थोडं पुढे 721 नंबरच्या एक्झिटला 416 उत्तरेला, मग 417 पश्चिमेला आणि पॅलेडियम ड्राइव्ह, एक्झिट 142. मॅप तुम्हाला आधी ओटावा डाउनटाउनला नेत असेल तर ऐकू नका, अरिना डाउनटाउनपासून पंचवीसेक किमी पश्चिमेला आहे, शहरात शिरायची गरजच नाही. आम्हाला किंग्स्टनच्या पुढे बर्फाने गाठलं, तासाभराचा रस्ता दोन तास, पुढची गाडी दिसेना, एकूण साडेसहा तास लागले. मॅलरीटाउनच्या ऑनरूटला (हायवेवरचा पेट्रोल-खाण्याचा थांबा) थांबून टाकी भरा, टॉयलेटला जा, वॉशर फ्लुइड बघा, कारण 416 वर ऑनरूट नाही. मॅचच्या दिवशीच निघून मॅच गाठू असा विचार फेब्रुवारी-मार्चमध्ये करूच नका, आदल्या दिवशी जा आणि हॉटेल कनाटालाच घ्या. आम्ही डाउनटाउनला घेतलं, ती आमची चूक, गाडी नसेल तर तिथून अरिनाला जाणं जिवावर येतं. बसने जाणार असाल तर त्या दिवशीचं टाइमटेबल आधी बघा, हॉकीला असतात तशा जादा बस लॅक्रॉसला असतीलच असं धरून चालू नका.

कॅनॉलवर स्केटिंग, पार्लमेंट वगैरे रविवारी झालं, छान होतं.

मॅचबद्दल. ज्यांनी हा खेळ कधी बघितला नाही त्यांनी टीव्हीवर बघून मत बनवू नका. गोली (गोलकीपर) सोडून पाच-पाच जण, 15 मिनिटांचे चार क्वार्टर, 30 सेकंदात शॉट मारावाच लागतो, त्यामुळे श्वास घ्यायला वेळ नाही. गोली म्हणजे दारात कपाट उभं केल्यासारखा दिसतो, आणि तरी बॉल त्याच्या कानाजवळून, दोन पायांमधून, पाठीमागून फेकलेला सुद्धा आत जातो. काठीवर काठी आपटल्याचा आवाज वरपर्यंत येतो. आणि गाणी मॅच चालू असताना वाजतात, थांबल्यावर नाही, पूर्ण वेळ, मोठ्याने. हे आम्हाला माहीत नव्हतं. पहिली दहा मिनिटं बायकोला वाटलं काहीतरी बिघडलंय. लहान मुलांना कानावर लावायचे हेडफोन न्याच, आमच्या पुढच्या रांगेत एक तीन वर्षांची मुलगी पहिला क्वार्टर रडत होती आणि शेवटी तिची आई तिला बाहेर घेऊन गेली.

गर्दी किती होती म्हणाल तर खालचा भाग बऱ्यापैकी भरलेला, वर कोणी नाही. पण जे होते ते ओरडत होते, मनापासून. आमच्या डावीकडे एक कुटुंब अक्वेसास्नेहून आलेलं, कॉर्नवॉलजवळचं मोहॉक लोकांचं गाव, सव्वा-दीड तास गाडी चालवून. त्यांच्या आजीला खेळातलं सगळं कळत होतं, रेफरीच्या आधी ती पेनल्टी सांगायची. हा खेळ मूळचा त्यांचाच. कॅनडाने 1994 मध्ये कायदा करून त्याला उन्हाळी राष्ट्रीय खेळ केलं, त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ते खेळतायत. माझ्या मुलाने सोबत आणलेली स्वतःची काठी त्या आजीने हातात घेऊन बघितली, जाळीची एक दोरी सैल होती ती दाताने धरून ओढली, गाठ मारली आणि परत दिली. बॉल आता उजवीकडे जाणार नाही, एवढंच म्हणाली. घरी येऊन त्याने गॅरेजच्या भिंतीवर शंभर वेळा मारून बघितलं, खरंच जात नाही.

टीटला खेळताना बघून मुलगा एकदम गप्प झाला. एरवी अखंड बडबडतो. टीटकडे बॉल आला की हा उभा राहायचा आणि दोन्ही हात काठी धरल्यासारखे हलायचे. हे बघायला मी परत साडेसहा तास गाडी चालवीन, कोणाला काय वाटायचं ते वाटू दे.

खाणं. शाकाहारी असाल तर पुटिन (चीज आणि ग्रेव्ही घातलेले फ्राइज) घेताना विचारा, ग्रेव्ही बहुतेक वेळा मांसाची असते. पिझ्झा, पॉपकॉर्न, बस. सगळं महाग. आम्ही गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन गेलो होतो म्हणून निभावलं. मोठी बॅग नेऊ नका, बॅगेचे नियम साइटवर आधी वाचा, आमच्यासमोर दोघांना गाडीपर्यंत परत पाठवलं, आणि त्या थंडीत ते काय असतं ते मी वर लिहिलंच आहे.

नुसतं लॅक्रॉसच बघायचं असेल आणि टीमचं काही पडलेलं नसेल तर एवढं लांब जाऊ नका, टोरोंटो रॉक ही टीम जवळ आहे. 2024-25 च्या सीझनला ती मिसिसॉगालाच खेळली, पॅरामाउंट फाइन फूड्स सेंटरला, लहान अरिना आहे आणि कुठूनही छान दिसतं, पण आता कुठे खेळतायत ते आधी बघा. पण टीटसाठी जायचं असेल, किंवा एका शहराने परत नवीन टीम उभी करायला घेतलीय ते बघायचं असेल, तर ओटावाला जरूर जा. पैसे फक्त टीमच्या खिडकीवर द्या.

रिफंडसाठी त्या साइटला तीन मेल केलेत, "विक्री अंतिम आहे" एवढं एक उत्तर आलंय.

मार्चमध्ये जे जाणार आहेत त्यांनी मला गुरुवारपर्यंत मेसेज टाका, डोकी किती ते कळलं की मी कोचकडून ग्रुप तिकिटाचं विचारून घेतो. आमच्याकडे मुलांच्या कानाला लावायचे हेडफोनचे दोन जोड आहेत, परत आल्यावर घेतले, ज्यांना हवेत त्यांनी घेऊन जा.