माळ्यावरचा पूरसाठा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की आमच्याकडं माळ्यावरचं सामान तपासायला काढतात. आज तेच चाललं होतं. धोका पातळी ४३ फुटांची, पण तोवर कोण थांबणार?

२०१९ च्या ऑगस्टात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला. दूध, भाजी, पेट्रोल, सगळं अडलं. पण खरे हाल पाण्याचे. उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडं पाणी असून नळ कोरडे! त्यामुळं माझ्या यादीत आधी पिण्याचं पाणी, माणशी रोज चार लिटरच्या हिशेबानं. धान्य नंतर. मॅगीची पाकिटं रचून ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं, शिजवायला पाणी कुठनं आणणार? त्यापेक्षा भडंग, फुटाणे, गूळ, शेंगदाण्याचे लाडू बरे. नुसतं तोंडात टाकायचं.

सासूबाईंनी कांदा-लसूण चटणीची बरणीही वर चढवायला लावली.
"आई, चटणीनं पूर अडतोय होय?"
"अडत नाही, पण शिळी भाकरी घशाखाली उतरती."

बीपीच्या गोळ्या, रेशनकार्ड, टॉर्चचे सेल प्लास्टिकच्या पिशवीत गेले. पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या बाटलीची मुदत तेवढी संपलीय. सकाळी मेडिकलात जाणार आहे, गल्लीतल्या कुणाला हवी असेल तर आत्ताच सांगा.